एकच पंचांग म्हातारपणापर्यंत : एक कँटनीज वाक्प्रचार अचूक म्हणायचा कसा आणि वापरायचा कुठे

काळ बदलला, भोवतालची माणसं बदलली, तरी जुनीच पद्धत दामटत राहणाऱ्यासाठी कँटनीज भाषेत सात अक्षरांचा एक फार नेमका वाक्प्रचार आहे : यत् पून थुङ स्यू थै तोउ लोउ. शब्दाला शब्द लावला तर ‘एकच पंचांग म्हातारं होईपर्यंत बघत राहणे’. हाँगकाँग, मकाव, दक्षिण चीनमधला ग्वांगतोंग प्रांत, क्वालालंपूरमधली कँटनीज घरं, सगळीकडे तो समजतो. भाषा नव्याने शिकणारे तो पाठ करतात, पण म्हणताना एखादा सूर घसरतो आणि पंचांगाचं भलतंच काहीतरी होऊन बसतं. किंवा उच्चार चोख येतो, पण ज्याला तो लागूच होत नाही अशा माणसाला चिकटवला जातो. ही दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण उच्चार चुकला तर लोक सांभाळून घेतात, चुकीच्या जागी केलेली टीका मात्र लक्षात ठेवतात.

आधी हे पंचांग कसलं ते बघा

लाल मुखपृष्ठाचं जाडजूड पुस्तक, कोपऱ्यात भिंतीवर टांगायला दोरा. चांद्र नववर्षाच्या आधीचे काही महिने ते विकायला येतं. आत वर्षातल्या प्रत्येक दिवसाची चौकट असते आणि त्या चौकटीत दोन नोंदी सगळ्यात महत्त्वाच्या : आज काय करायला चांगलं (यी४; आकडा सुराचा, तो पुढे समजेल) आणि आज काय टाळावं (केइ६). लग्न, घर बदलणं, दुकान उघडणं, बांधकामाला हात घालणं, पलंग मांडणं, केस कापणं अशी कामं त्यात येतात. शिवाय त्या दिवशी कोणत्या राशीच्या प्राण्याशी वाकडं आहे, कोणते तास बरे, हेही असतं. हाँगकाँगमध्ये चॉय पार्क-लाय यांच्या घराण्याने गणित केलेलं पंचांग पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे.

हे पंचांग एका वर्षाचंच असतं. चिनी महिना २९ किंवा ३० दिवसांचा, त्यामुळे बारा महिन्यांचं वर्ष साधारण ३५४ दिवसांत संपतं. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून आपल्या अधिक महिन्यासारखा एक जादा महिना १९ वर्षांत ७ वेळा घालावा लागतो. २०२४च्या १० फेब्रुवारीला सुरू झालेलं चिनी वर्ष ३५४ दिवसांचं होतं. २०२५च्या २९ जानेवारीला सुरू झालेल्या वर्षात सहावा महिना दोनदा आला, म्हणून ते ३८४ दिवस चाललं आणि पुढचं नववर्ष थेट १७ फेब्रुवारी २०२६ला उजाडलं. आता २०२५चं पंचांग हातात धरून कोणी २०२६च्या २९ जानेवारीला नववर्ष साजरं करायला निघाला, तर तो १९ दिवस आधीच फटाके वाजवेल. मध्यशरदाचा सणही तसाच सरकतो : २०२४ मध्ये १७ सप्टेंबर, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबर, २०२६ मध्ये २५ सप्टेंबर.

पण त्याच पुस्तकातली कितीतरी पानं दर वर्षी जशीच्या तशी छापली जातात. मुलांना अक्षरं शिकवायचा हजार अक्षरांचा जुना पाठ, स्वप्नांचे अर्थ, चेहरा वाचण्याची लक्षणं. सूर्यावर बेतलेले २४ ऋतुबिंदूही जवळजवळ हलत नाहीत. पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करण्याचा छिङमिङचा दिवस दर वर्षी ४ किंवा ५ एप्रिलच्या आसपासच येतो. म्हणजे जुनं पंचांग सबंध खोटं नसतं. त्यातलं काय टिकलं आणि काय कालबाह्य झालं, हे न बघता सगळंच चालवत राहणं चूक. वाक्प्रचाराचा नेम नेमका तिथे आहे. त्याचा रोख पुस्तकावर नाही, जुनेपणावरही नाही. वेळ आली तेव्हा नवं पुस्तक न घेणाऱ्यावर आहे. वापरताना हे पक्कं धरलं की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

अक्षरं एकेक करून

कँटनीज रोमन लिपीत लिहायची आज सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे ज्युतफिंग, हाँगकाँगच्या भाषाशास्त्र संस्थेने १९९३ मध्ये तयार केलेली. तिच्यातली रोमन अक्षरं इंग्रजीच्या सवयीने वाचली की मराठी माणूस हमखास फसतो. तिथे ‘बी’ लिहिलं असलं तरी उच्चार प असतो, ‘डी’ म्हणजे त, ‘जी’ म्हणजे क, आणि ‘जे’ म्हणजे य. या भाषेत ब, द, ग असे घोष ध्वनीच नाहीत. फरक आहे तो अल्पप्राण आणि महाप्राण यांचा : ‘पी’ म्हणजे फ (ओठांना ओठ लावून, दातांनी नव्हे), ‘टी’ म्हणजे थ, ‘के’ म्हणजे ख. प-फ, त-थ, क-ख हा भेद आपण लहानपणापासून करतो, त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्याला जिथे महिने लागतात तिथे मराठी माणसाचं काम सोपं आहे. फक्त रोमन अक्षरांवर विश्वास ठेवायचा नाही. शब्द देवनागरीत उतरवून घ्या आणि त्यावरूनच म्हणा.

खाली प्रत्येक अक्षरापुढे सुराचा आकडा आहे :

यत्१ पून२ थुङ१ स्यू१ थै२ तोउ३ लोउ५

यत्१ म्हणजे एक. यातला अ आपल्या ‘घर’मधल्या अ-सारखा आखूड. शेवटच्या त्-नंतर हवा बाहेर सोडायची नाही. ‘पत्ता’ म्हणताना पहिल्या त्-वर जीभ जिथे अडते, तिथेच थांबा. ‘यत’ किंवा ‘याट’ झालं की ऐकणाऱ्याला ते दोन अक्षरांसारखं वाटतं.

पून२ हे पुस्तकं मोजायचं अक्षर. ‘एक पुस्तक’ असं थेट म्हणता येत नाही, मध्ये हे मोजअक्षर लागतं. रोमनमध्ये पाहून ‘बन’ म्हणू नका.

थुङ१ स्यू१ म्हणजे पंचांग. ङ हा ‘रंग’मधल्या अनुस्वारासारखा, पण मागून ग बाहेर पडू द्यायचा नाही. स्यू-मधला स्वर मराठीत नाही : जीभ ‘ई’ म्हणायच्या जागी ठेवा, ओठ मात्र ‘ऊ’साठी करतो तसे गोल करा, आणि दोन्ही न हलवता आवाज काढा. ‘सू’ म्हटलं तरी संदर्भाने कळेल, पण कानाला खटकेल. रोज दोन मिनिटं ‘ई’ म्हणत म्हणत नुसते ओठ गोल-सरळ करण्याचा सराव केलात तर हा स्वर आठवडाभरात बसतो.

थै२ म्हणजे बघणे, वाचणे. मराठीत ‘ऐ’चा उच्चार आपण ‘अइ’ करतो, इथे तोच हवा आहे. हिंदीच्या वळणाने ‘थॅ’ म्हणू नका. हा शब्द अस्सल कँटनीज आहे. उत्तरेकडच्या मँडरिन चिनीत याच कामाला दुसरं क्रियापद वापरतात.

तोउ३ म्हणजे पर्यंत, आणि लोउ५ म्हणजे म्हातारा. दोन्हीत ओ-वरून उ-कडे घसरत जायचं. ‘तो’, ‘लो’ असं आखूड तोडलं तर स्वर अर्धाच राहतो.

महाप्राण नीट निघतोय का, हे तपासायला तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा. थुङ आणि थै म्हणताना पट्टी हलली पाहिजे, पून आणि तोउ म्हणताना जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. इथे गफलत झाली तर शब्द बदलतात : तुङ१ म्हणजे पूर्व किंवा हिवाळा, तै२ म्हणजे तळ, आणि थोउ३ म्हणजे ससा.

सूर : खरी परीक्षा इथे

कँटनीजचे सहा सूर असे : १ उंच आणि सपाट, २ खालून चढून उंचावर जाणारा, ३ मधला सपाट, ४ तळाशी उतरणारा, ५ खालून निघून मधल्यापर्यंतच चढणारा, ६ सपाट, पण ३पेक्षा थोडा खाली. आपल्या वाक्प्रचारात ४ आणि ६ येत नाहीत. क्रम आहे १-२-१-१-२-३-५. आधी शब्द न म्हणता हा क्रम तोंड मिटून गुणगुणा. शब्द आणि सूर एकदम शिकायला घेतले की लक्ष शब्दांकडे जातं आणि सूर मराठी वाक्याच्या चालीवर पडतो.

सूर बिघडण्याच्या चार जागा ठरलेल्या आहेत.

पहिलंच अक्षर. यत्१ उंचावर हवा. तो खाली आला आणि यत्६ झाला, तर पुढच्या पून२शी मिळून तयार होतो यत्६ पून२, म्हणजे जपान! ऐकणाऱ्याच्या कानात वाक्य ‘जपानी पंचांग’ असं सुरू होतं. वाक्याच्या मध्येच वाक्प्रचार आला की ही चूक जास्त होते, कारण आधीच्या शब्दावर आवाज उतरलेला असतो आणि पुन्हा वर न्यायचं राहून जातं. त्यासाठी ‘यत्’च्या आधी किंचित थांबून आवाज मुद्दाम वर उचला.

दुसरी जागा थै२ तोउ३. इथे तोउ मधल्या सपाट सुरातच राहिला पाहिजे. थैचा चढ तसाच पुढे ओढला आणि तोउ२ झाला, तर थै२ तोउ२ हा वेगळाच रोजचा शब्द होतो : ‘दिसलं’. मग ‘म्हातारपणापर्यंत बघणे’मधलं ‘पर्यंत’च गळून जातं. हे दोन शब्द एकामागोमाग म्हणून बघा, थै२ तोउ२, थै२ तोउ३. पहिल्यात आवाज दोनदा चढतो. दुसऱ्यात एकदा चढून पायरीवर थांबतो.

तिसरी जागा शेवटचं लोउ५. मराठीत विधान संपताना आवाज खाली उतरतो, आणि ही सवय इथे घात करते. आवाज उतरला की लोउ६ होतं, म्हणजे रस्ता. ते टाळायला फार जोरात वर नेला तर लोउ२ होतं, म्हणजे ‘बाप्या’, कोणा पुरुषाचा अघळपघळ उल्लेख. पाचवा सूर तळाशी सुरू होऊन अर्ध्यावर थांबतो. शंका असेल तर थोडा कमीच चढवा, पण उतरवू नका.

चौथी जागा थुङ१ स्यू१. दोन सलग उंच अक्षरं, दुसरं पहिल्याच्याच उंचीवर. आपल्याकडून दुसरं नकळत ढिलं पडतं. स्यू६ झालं की तो शब्द ‘झाड’ होतो.

म्हणताना चार आणि तीन असे दोन तुकडे करा : ‘यत् पून थुङ स्यू’, अर्धा श्वास, ‘थै तोउ लोउ’. पहिला तुकडा जमेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. आणि प्रश्न विचारायचा असला तरी शेवटच्या लोउचा सूर प्रश्नासारखा वर नेऊ नका. कँटनीजमध्ये प्रश्न बहुधा वाक्याच्या शेवटी वेगळं अक्षर लावून विचारतात, सुराशी खेळून नाही.

वाक्यात कसा बसवायचा

हा वाक्प्रचार क्रियापदासारखा वागतो. कर्ता आधी, नंतर हा अख्खा. मध्ये काही घुसवायचं नाही. बहुतेक वेळा तो नकाराबरोबर येतो : ‘असं करू नकोस’, ‘असं करून चालत नाही’. हे साचे पाठ करून ठेवा.

‘नेइ५ म्४ होउ२ यत्१ पून२ थुङ१ स्यू१ थै२ तोउ३ लोउ५ ला१.’ म्हणजे, ‘अरे, तू जुनंच धरून बसू नकोस.’ म्४ हा नुसता ओठ मिटून म्हटलेला ‘म्’, त्याला स्वर नाही. शेवटचा ला१ गोडी आणतो. तो गाळला की सल्ल्याचा हुकूम होतो.

‘चोउ६ साङ१ यी३ म्४ हॉ२ यी५ यत्१ पून२ थुङ१ स्यू१ थै२ तोउ३ लोउ५.’ म्हणजे, ‘धंदा करायचा तर एकच ठरीव पद्धत कायम चालत नाही.’ चोउमधला च ‘चमचा’मधला घ्या, ‘चहा’मधला नाही. या च-साठी परदेशी लोक धडपडतात, आपल्याकडे तो घरचाच आहे.

‘काउ३ सै३ लोउ६ म्४ है६ यत्१ पून२ थुङ१ स्यू१ थै२ तोउ३ लोउ५ का३.’ म्हणजे, ‘मुलांना शिकवणं म्हणजे एकाच साच्यात सगळ्यांना बसवणं नव्हे.’ सरावाला हे वाक्य उत्तम, कारण त्यात सै३ लोउ६ (लहान मूल) मध्ये सहाव्या सुरातला लोउ आहे आणि शेवटी पाचव्या सुरातला. दोन्ही वेगळे ऐकू आले की तुमचं लोउ५ पक्कं झालं असं समजा.

‘ङॉ५ लोउ५ सै३ यत्१ पून२ थुङ१ स्यू१ थै२ तोउ३ लोउ५.’ म्हणजे, ‘आमचा साहेब जुनंच पुराण लावून बसलाय.’ हे अर्थातच साहेब नसताना.

‘फार’ अशा अर्थाचं होउ२ याच्या आधी लावू नका. कँटनीजमध्ये ‘फार हट्टी’ म्हणता येतं, पण ‘फार एकच पंचांग म्हातारपणापर्यंत’ हे मराठीत जितकं विचित्र वाटतं तितकंच तिथेही. जोर द्यायचा असेल तर ‘सदान्‌कदा’ अशा अर्थाचं सेङ४ यत्६ आधी लावा.

आता माणसांबद्दल. शेवटचं अक्षर ‘म्हातारा’ आहे, आणि वाक्प्रचार सरळसरळ दोष दाखवणारा आहे. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला ‘नेइ५’ (तुम्ही) लावून तो तोंडावर म्हणणं उद्धटपणा ठरतो. त्याऐवजी ‘ङॉ५ तेइ६’, म्हणजे ‘आपण’, वापरा : ‘ङॉ५ तेइ६ म्४ हॉ२ यी५ यत्१ पून२ थुङ१ स्यू१ थै२ तोउ३ लोउ५’, ‘आपल्याला जुनंच चालवून भागणार नाही’. बोलणारा स्वतःलाही त्यात धरतो, म्हणून समोरच्याला लागत नाही. बैठकीत हाच साचा वापरायचा.

लागू होतो कुठे, होत नाही कुठे

म्हणण्याआधी मनात दोन गोष्टी तपासा. ही पद्धत कधीकाळी बरोबर होती का? आणि ती बरोबर असण्याचं कारण आता उरलं नाही का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच हा वाक्प्रचार घ्या.

हाँगकाँगच्या शिकवण्यांचं उदाहरण घ्या. तिथे २०१२ मध्ये डीएसई ही नवी शालान्त परीक्षा सुरू झाली आणि पाठोपाठ जुनी ब्रिटिश धाटणीची ए-लेव्हल इतिहासजमा झाली. समजा एखाद्या शिक्षकाने ए-लेव्हलच्या काळात तयार केलेल्या नोट्स आणि प्रश्नांचे साचे डीएसईच्या मुलांना तसेच वाटले. नोट्स त्यांच्या काळी उत्तम होत्या, त्यांवर मुलं पासही झाली. पण आता विषयांची आखणी, प्रश्नांचा प्रकार आणि गुण देण्याची पद्धत बदलली आहे. इथे ‘यत् पून थुङ स्यू थै तोउ लोउ’ चपखल बसतो. त्याच शिक्षकाने जुन्या नोट्समधलं व्याकरण ठेवलं आणि प्रश्नांचे साचे नवे केले, तर मात्र तो बसत नाही, वही तीच दिसली तरी.

याउलट, कोणी जाणूनबुजून जुनी पद्धत टिकवली आहे आणि तिचा परिणाम आजही चांगला येतो, तर त्याला हे म्हणणं अन्यायाचं आहे. हाताने केक भाजणारा जुना कारागीर यंत्र घेत नाही, कारण त्याला हवा तसा पापुद्रा यंत्राने येत नाही. तो पंचांग बदलायचं विसरलेला नाही. जुनाट आवडीनिवडीसाठीही हा वाक्प्रचार नाही. कपडे, गाणी, केशरचना यांतला मागासलेपणा सांगायला लोउ५ थोउ२ म्हणतात. आणि जो माणूस वादात मुद्दा पटूनही हटत नाही, त्याच्यासाठी तर वेगळंच हत्यार आहे, ते पुढे येतंच.

एक सापळा मात्र खास लक्षात ठेवा. वूत्६ तोउ३ लोउ५, हॉक्६ तोउ३ लोउ५, म्हणजे ‘म्हातारपणापर्यंत जगा, म्हातारपणापर्यंत शिका’. शेपूट तेच, ‘तोउ लोउ’, अर्थ अगदी उलटा, कौतुकाचा. निवृत्तीनंतर नवी भाषा शिकणाऱ्या आजोबांचं कौतुक करताना घाईत पंचांगाचा वाक्प्रचार तोंडून गेला, तर कौतुकाचा अपमान होतो.

दुकानातही एक खबरदारी. वाक्प्रचारात पंचांगाला थुङ स्यू म्हणतात, पण विकत घेताना थुङ१ सिङ३ मागा. कारण स्यू१ हा उच्चार ‘पुस्तक’ आणि ‘हरणे’ दोन्हींचा आहे. ‘सगळंच हरणे’ असं नाव घरात नको म्हणून लोकांनी शेवटचं अक्षर बदलून ‘जिंकणे’चं केलं. माहजाँग हा सोंगट्यांचा खेळ खेळायला बसलेल्यांना जवळपास पुस्तक उघडलेलंही खपत नाही, ते याच कारणाने. वाक्प्रचारात मात्र जुनं नावच टिकलं आहे. तिथे सिङ घालून तो ‘शुभ’ करायला जाऊ नका.

आसपासची मंडळी

सेइ२ ङौ४ यत्१ पिन१ केङ२, म्हणजे ‘मेलेला बैल, मान एकाच बाजूला’. मेलेल्या बैलाची मान ताठरली की कितीही ओढा, वळत नाही. हा शुद्ध हेकटपणा : समोरचा काय म्हणतोय ते ऐकूनच घ्यायचं नाही. पंचांगवाला शांत असतो, सवयीने चालतो, कदाचित बदल झाल्याचं त्याला कळलेलंही नसतं. बैलवाल्याला सगळं कळलेलं असतं. एकाच माणसाला दोन्ही लागू पडू शकतात, पण प्रसंग वेगळे. याचा छोटा भाऊ ङाङ६ केङ२, ‘कडक मानेचा’. तो कधी कधी चिवटपणाच्या कौतुकानेही म्हणतात, पंचांगाचा वाक्प्रचार तसा कधीच म्हणत नाहीत.

सिक्६ कू२ पत्१ फा३, ‘जुनं गिळलं पण पचलं नाही’. हा चार अक्षरी, ग्रांथिक वळणाचा. पुस्तकी विद्या घोकली पण जगण्यात उतरवता आली नाही अशा विद्वानासाठी. लेखात शोभतो, चहाच्या टेबलावर जड वाटतो.

म्४ सिक्१ च्यून२ वान१, ‘वळणावर वळता येत नाही’. सरळसोट डोक्याच्या माणसासाठी, रोजच्या बोलण्यातला आणि त्यातल्या त्यात सौम्य.

उलट बाजूला पिन३ थुङ१, परिस्थिती पाहून मार्ग बदलणे. यातलं थुङ तेच, जे पंचांगाच्या नावात आहे : आरपार जाणारं, सगळीकडे पोचणारं. ‘पिन३ थुङ१ हा५ ला१’, ‘जरा जमवून घे की’, हे पंचांगाच्या वाक्प्रचारानंतर लगेच जोडता येतं. दोष दाखवून गप्प बसण्यापेक्षा ते बरं दिसतं. आयत्या वेळी निभावून नेण्याला चप्१ साङ१ म्हणतात. स्वयंपाकघरात, रंगमंचावर, कुठेही चालतो.

मराठीत सांगताना ‘पोथीनिष्ठ’ हा शब्द सगळ्यात जवळचा. बैलवाल्यासाठी ‘हेकट’. ‘पहिले पाढे पंचावन्न’ इथे वापरू नका. त्यात सगळा खटाटोप करून पुन्हा मूळपदावर येणं आहे, आणि पंचांगवाल्याने तर खटाटोप केलेलाच नसतो. ‘येरे माझ्या मागल्या’ही नाही, त्यात मधल्या काळात सुधारणा झालेली असते.

लिहायचा असेल तर

चॅटवर किंवा फलकावर हा वाक्प्रचार लिहिताना सात अक्षरांपैकी फक्त एक, स्यू, पारंपरिक आणि सोप्या केलेल्या चिनी लिपीत वेगळं दिसतं : पारंपरिक रूप १० रेघांचं, सोपं ४ रेघांचं. हाँगकाँग आणि मकावच्या माणसाला लिहिताना १० रेघांचंच घ्या. बाकी सहा दोन्हीकडे तीच.

खरी गडबड थैची होते. हे अक्षर १२ रेघांचं आहे : डाव्या बाजूला ‘डोळा’ (५ रेघा), उजव्या बाजूला ‘धाकटा भाऊ’ (७ रेघा). फोनवर मँडरिनचा कीबोर्ड लावला असेल तर बहुधा तुम्ही मँडरिनमधलं ‘बघणे’ टाइप कराल, ज्यात डोळ्यावर हात धरलेला असतो. तेही वाचून कळेल, आणि ‘बघणे’च्या जागी ‘वाचणे’चं अक्षर, तुक्६, घातलेलं रूपही लोक लिहितात. पण बोलल्यासारखं लिहायचं असेल तर थैच हवा. त्यासाठी ज्युतफिंगवर चालणारा कँटनीज कीबोर्ड लावा आणि सातही अक्षरं सुराच्या आकड्यांशिवाय सलग टाइप करा; सुचवलेल्या पर्यायांत अख्खा वाक्प्रचार आला तर तोच निवडा. एकेक अक्षर निवडत गेलात तर दोन जागा तपासून घ्या : पाचव्या अक्षराच्या डावीकडे डोळा आहे ना, आणि पहिलं अक्षर एकच आडवी रेघ आहे ना. तिथे डोळ्याच्याच घडणीची, पण एक आडवी रेघ कमी असलेली उभी चौकट आली असेल, तर ते ‘दिवस’चं अक्षर आहे, आणि ते ठेवलंत तर जपान पुन्हा हजर.